बिनधुतली जुडी

आमच्याकडच्या बातम्यांत 'मनोरुग्ण' हा शब्द मिठासारखा वापरतात. भाजी कुठलीही असो, चिमूटभर टाकायचा. उभ्या एसटीच्या काचेवर कुणी दगड मारला, तर तो मनोरुग्ण. कुणी मोबाइलच्या टॉवरवर चढून बसला, तोही मनोरुग्ण. चौकात एखादी बाई एकटीच रडत उभी राहिली, तर ती नक्कीच. आणि मागे 'असल्याचे समजते' ही शेपूट. कुणाला समजते, कुणाकडून समजते, तपासलं कुणी, हे विचारायची पद्धत नाही. मी रिसोडला शाळेत मराठी शिकवते. शब्दांवरून चिडणं हा माझ्या पोटापाण्याचाच भाग आहे. त्यामुळे स्टाफरूममध्ये पेपर वाचताना मी कुरकुरत असे आणि बाकीचे चहा पीत असत.

रविवारच्या पुरवणीत मात्र हाच आजार ठेवणीतले कपडे घालून येतो. 'तुम्ही न्यूरोटिक तर नाही ना?' असा मथळा, खाली गालावर हात ठेवलेली सुंदर बाई, तिच्याखाली प्रश्न, आणि शेजारच्या रकान्यात मेथीच्या वड्या. आमच्या एका सहकारी बाईंनी ते प्रश्न मधल्या सुट्टीत मोठ्याने वाचत सोडवले होते. 'मी तर पक्की न्यूरोटिक निघाले गं,' त्या म्हणाल्या, आणि नवी साडी दाखवावी तशा खुशीत आमच्याकडे पाहू लागल्या. दुसऱ्या एकीने लगेच सांगितलं की तिला फळ्याच्या कडेला खडू सरळ रेषेत लागतात, म्हणजे तिला ओसीडीच आहे. मग चिवडा फिरला. त्या दिवशी मला नुसता कंटाळा आला होता.

टीव्हीवरच्या मालिकांचं तर विचारूच नका. जाहिरातीच्या आधी बाईचे केस सुटले, डोळे मोठे झाले आणि ती खिडकीपाशी हसली, की प्रेक्षकांनी समजून घ्यायचं. शाळेच्या स्नेहसंमेलनात दरवर्षी एक नाटुकलं वेड्यांच्या दवाखान्यावर असतंच. पोरं उलट्या चपला घालून येतात, एक जण झाडूला बायको म्हणतो, पाहुणे पोट धरून हसतात. मला ते फालतू वाटायचं. किळस नव्हती वाटत. किळस यायला आपलं माणूस त्यात सापडावं लागतं. माझी वहिनी सापडली.

माझं माहेर रिसोडच्या कडेलाच आहे. आम्ही वाडीवाले, म्हणजे विहिरीच्या पाण्यावर भाजीपाला पिकवून गावाला खाऊ घालणारे. हिवाळ्यात मुळा, गाजर, पालक, सांबार. सांबार म्हणजे कोथिंबीर, हे बाहेरून आलेल्या शिक्षकांना मला दरवर्षी सांगावं लागतं. दादा वाफे आणि पाणी पाहतो. उपटणं, धुणं, जुड्या बांधणं आणि बाजारात बसणं हे बायकांचं. आमच्या वाड्यांचा एक नियम आहे, तो कुणी कधी सांगितलेला नाही, पण मोडलेलाही नाही. मुळा मातीसकट बाजारात जात नाही. आदल्या दिवशी उन्हं कलली की विहिरीजवळच्या हौदात तो काथ्याने घासायचा, पांढराशुभ्र करायचा, अंबाडीच्या वाखाने जुडी बांधायची आणि ओल्या पोत्याखाली ठेवायची. ज्या घरचा मुळा मातीचा गेला, त्या घरची बाई आळशी, असं सगळ्या वाड्या मनातल्या मनात ठरवून टाकतात. सोयरीक पाहायला आलेले लोकसुद्धा हौदाकडे एक नजर टाकून जातात.

वहिनी लग्न होऊन आली तेव्हापासून तिचा मुळा बाजारात उठून दिसायचा. जुडी हातात घेतली तर बोटाला कण लागत नसे. गिऱ्हाइकं तिच्यासमोर थांबायची. 'तुमच्या मुळ्याले घरी धुवाचं कामच नाई,' असं म्हणायची आणि वहिनी लाजून पदर ओढायची. आईने तर तिचं कौतुक सगळ्या पाहुण्यारावळ्यांत करून ठेवलं होतं. एखाद्याचा आजार असा त्याच्या कामात मिसळून गेला की तो कुणाला दिसत नाही. उलट त्याला शाबासकी मिळते.

कधी सुरू झालं ते तिलाही नीट सांगता येत नाही. आमच्या वाडीला लागून दुसऱ्याचं तुरीचं शेत आहे. एका साली तिथे फवारणी चालू असताना वारा आमच्या बाजूचा होता, आणि तो वास वाफ्यांवरून आला. तेवढंच. दादाने दोन शिव्या घातल्या आणि विसरला. वहिनी विसरली नाही. मुळ्याच्या मातीत औषध राहिलं असेल, कुणाचं तरी लेकरू ते कच्चं खाईल, आणि त्याला मारणारे हात माझे असतील, हे तिच्या डोक्यात बसलं. एकदा धुतला की दुसऱ्यांदा धुवावासा वाटे. मग काथ्या स्वच्छ होता का, ही शंका. मग हौद. मग हात. अंधार पडला तरी ती हौदावरच. तिचे तळवे फाटले, बोटांच्या पेरांतून रक्त यायला लागलं, आणि मग त्या रक्ताचा डाग मुळ्याला लागला असेल म्हणून सगळ्या जुड्या सोडून पुन्हा पाण्यात.

मी एका संध्याकाळी गेले तेव्हा ती हौदाच्या काठावर बसून रडत होती आणि रडता रडता घासत होती.

'वयनी, झालं ना आता. उठा,' मी म्हटलं.

'बाई, मले समजते,' ती म्हणाली. आमच्याकडे वहिनी नणंदेला बाई म्हणते. 'झालं हे मले बी समजते. पन हात उठत नाई. कोनाच्या लेकराच्या पोटात गेलं तं?'

हे वाक्य मी मुद्दाम जसंच्या तसं लिहिते आहे, कारण पुढे तिच्याबद्दल जे काही छापलं आणि दाखवलं गेलं त्यात ते कुठेच नव्हतं. वेड लागलेल्या माणसाला आपलं वेड समजत नाही, असं सगळे धरून चालतात. तिला तर सगळं समजत होतं, आणि तेच तिचं दुःख होतं.

दादाने आधी दुर्लक्ष केलं, मग तो ओरडला, मग एक दिवस काथ्या विहिरीत फेकून आला. वहिनी नखांनी घासायला लागली तेव्हा तो घाबरला. डॉक्टरकडे न्यायचं म्हटल्यावर मात्र त्याचा चेहरा पडला. 'तूच ने बाई, मले थे जमत नाई,' म्हणाला. वाशीमला डोक्याचे डॉक्टर बसतात एवढं मला ठाऊक होतं. आम्ही एसटीने गेलो. वहिनीने गाडीत मला विचारलं, 'पेपरात येतात तशातली झाली का मी?' मी नाही म्हटलं, आणि खिडकीबाहेर पाहत राहिले.

डॉक्टर शांत होते. त्यांनी वहिनीचे हात पाहिले, गोळ्या दिल्या, आणि एक गोष्ट सोपी करून सांगितली. धुतलं की घडीभर बरं वाटतं, म्हणून मन पुन्हा धुवायला लावतं. न धुता बसलात तर जीव घाबरेल, आता मरते असं वाटेल, पण बसून राहिलात तर ते आपोआप उतरेल. ते उतरताना एकदा पाहा. मग पुन्हा पाहा. त्यांनी तिला गृहपाठ दिला, आणि बरोबर मी असावं, पण धीर द्यायला एक शब्द बोलू नये, असं मला बजावलं. आधी चहाचा कप. मग दाराची कडी. मग घरात, तिच्यासमोर, एक मातीचा मुळा परातीत. त्या मुळ्याकडे पाहताना वहिनीला घाम फुटायचा आणि मी माझी जीभ चावून बसायचे. पण उतरायचं खरं. डॉक्टर खोटं बोलले नव्हते. थंडी सरता सरता तिच्या हातांवर नवी कातडी आली, आणि दिवेलागणीला ती घरात दिसायला लागली.

मग डॉक्टरांनी शेवटचा धडा सांगितला. एक मातीची जुडी बाजारात न्यायची, बाकीच्यांत ठेवायची आणि विकायची. ते बाहेरच्या जिल्ह्यातले. त्यांच्या लेखी जुडी ती जुडी. आमच्या वाड्यांत मातीचा मुळा बाजारात नेणं म्हणजे काय, हे त्यांना कोण सांगणार? घरी आल्यावर दादा म्हणाला, 'लोक काय म्हनतीन? मानसाले दवाखान्यानं बरं कराव का घराची अब्रू काढाव?' बाजाराच्या आदल्या दिवशी तिने सगळा मुळा एकदाच धुतला, आणि एक जुडी वाफ्यातून उपटली तशीच बांधली. बांधताना तिचे ओठ हलत होते. देवाचं नाव घेत होती की स्वतःला शिव्या देत होती, मला कळलं नाही.

बाजारात वहिनीच्या शेजारी एक चाची बसते. आलं, लसूण, हिरव्या मिरच्या विकते. दोघींच्या जागा वर्षानुवर्षं लागून आहेत. एकीला उठायचं झालं तर दुसरी दोन्ही दुकानं पाहते. मी त्या दिवशी शाळेतून रजा घेऊन दोघींच्या मागे पोत्यावर बसले होते. वहिनीने मातीची जुडी अगदी समोर ठेवली. पांढऱ्या मुळ्यांच्या ढिगापुढे ती काळी माती लांबूनही दिसत होती. पलीकडच्या वाडीवाल्या बायांनी एकमेकींना कोपरानं ढोसलं. वहिनीचा श्वास वर चढला, कानशिलं ओली झाली, हात मांडीखाली दाबून ती बसली. मी काही बोलले नाही. ते न बोलणं फार जड गेलं.

तेवढ्यात एक ओळखीचं गिऱ्हाईक आलं. भल्या मनाची बाई. जुडी पाहून तिला वाटलं, धुवायची राहिली असेल. 'अवो, ही राह्यली वाटते,' म्हणत तिने आपल्या पिशवीतली पाण्याची बाटली काढली आणि जुडीवर धार धरली. मदत म्हणून. वहिनीने झडप घालून जुडी छातीशी ओढली आणि ओरडली, 'पानी नका लावू. तशीच न्या. तशीच न्या म्हनतो ना.' आमच्याकडे बायकाही 'म्हनतो'च म्हणतात. साडी मातीने भरली, गळ्याच्या शिरा फुगल्या होत्या. ती बाई दचकून मागे सरली. गर्दी जमली. आणि गर्दी जमली की आता मोबाइल वर होतात.

त्यातला एक मोबाइल आमच्या गावातल्या बातम्यांच्या चॅनेलवाल्याचा होता. चॅनेल म्हणजे तो स्वतः, एक माईक आणि माईकला लावलेला निळा ठोकळा. मी उठून त्याच्यासमोर हात धरला. 'भाऊ, बंद करा. आजारी आहे ती.' तो म्हणाला, 'बस दोन मिनिटाचं काम आहे मॅडम.' आणि माझ्या हाताच्या खालून घेत राहिला.

मोबाइलकडे सगळ्यांचं लक्ष होतं, म्हणून पुढचं कुणी पाहिलं नाही. वहिनी ती जुडी उराशी धरून बसून राहिली. नळाकडे पळाली नाही. चाचीच्या तांब्यात पाणी होतं, हात लांबवला असता तर मिळालं असतं. तिने लांबवला नाही. हळूहळू श्वास खाली आला. खांदे खाली आले. मग तिने मान वळवून मला सांगितलं, 'बाई, उतरलं.' माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आयुष्यात मी पाहिलेलं हे सगळ्यात धीराचं काम होतं, आणि ते मी भर बाजारात, सडक्या पानकोबीच्या वासात पाहिलं.

संध्याकाळपर्यंत व्हिडिओ गावभर फिरला. 'भर बाजारात महिलेला वेडाचा झटका', आणि पुढे डोळे फाडलेली पिवळी तोंडं. वहिनीच्या चेहऱ्याभोवती लाल गोल. 'पानी नका लावू' हे वाक्य तीनदा, मागे भुताच्या मालिकेतलं संगीत, आवाजाला घुमारा दिलेला. माझ्या हाताला लाल बाण आणि 'नातेवाईक महिलेची पत्रकाराला दमदाटी'. खाली लोक लिहीत होते. पिसाळलेलं कुत्रं चावलं असेल. नवऱ्याने टाकली असेल. बांधून ठेवा. हिच्या हातची भाजी कोण खातं रे. आणि हसून हसून डोळ्यांतून पाणी काढणाऱ्या तोंडांच्या रांगा. त्यातली काही नावं माझ्या माजी विद्यार्थ्यांची होती. शुद्धलेखनाच्या चुका मी ओळखल्या. मी उठून मोरीपाशी जाऊन उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं. तिथे संगीत नव्हतं एवढाच फरक. 'बाजारात मनोरुग्ण महिलेचा धिंगाणा. ग्राहक भयभीत.' व्हिडिओ पाहून लिहिलेली बातमी आणि खाली 'प्रत्यक्षदर्शींनी सांगितले'. स्टाफरूममध्ये ती मोठ्याने वाचली गेली. न्यूरोटिक निघालेल्या बाईच वाचत होत्या. ती माझी वहिनी आहे, असं मी सांगितल्यावर त्यांनी पेपराची घडी घातली आणि म्हणाल्या, 'अगं बाई. पण दिसत नाही हं तुमच्या घरात तसं कुणी.' पुरवणीतला आजार त्यांना स्वतःला चालत होता, पण बाजारात बसणाऱ्या बाईला झाला की त्याचं वेड होतं आणि ते घराण्यात शोधलं जातं. मी वर्गावर गेले आणि त्या दिवशी काय शिकवलं ते मला आठवत नाही.

शाळा सुटल्यावर मी चॅनेलवाल्याकडे गेले. झेरॉक्सच्या दुकानात मागच्या बाजूला त्याची खुर्ची. त्याने मला चहा मागवला. त्याच्यात राग नव्हता, वाईटपणाही नव्हता, आणि त्याचीच मला जास्त शिसारी आली.

'नाव तं आमी टाकलंच नाई मॅडम,' तो म्हणाला.

'चेहरा टाकला ना.'

'चेहऱ्याशिवाय लोक पाहत नाई. तुमीच सांगा, तुमी पाहसान का?' मग जरा विचार करून त्याने मला एक सवलत देऊ केली. 'आजारी आहे म्हनता, तं डॉक्टरचा कागद द्या. आमी त्यावर अजून एक करू. बीमारीचं नाव टाकून.'

मी चहा तसाच ठेवून उठले. व्हिडिओ काढून टाकायला तो तयार झाला, आणि काढलाही, पण तोवर तो त्याच्या हातात राहिला नव्हता.

पुढच्या बाजाराला वहिनी गेली. तिच्यासमोर गिऱ्हाईक थांबेना. लोक येत, ओळखत, आणि शेजारच्या ढिगाकडे वळत. दोन पोरं मुद्दाम 'पानी नका लावू' म्हणत गेली. तिने धुतलेल्या मुळ्याच्या सगळ्या जुड्या दुपारी जशाच्या तशा परत आल्या. त्यानंतर ती गेली नाही. दादाने अक्कल चालवली. जुड्या पलीकडच्या वाडीतल्या एका बाईच्या ढिगात ठेवायला दिल्या. हात वहिनीचे, हौद आमचा, फक्त तोंड दुसरं. सगळा माल उठला. मी स्वतः उभं राहून ऐकलं, एक गिऱ्हाईक त्या बाईला म्हणत होतं, 'तुमचा मुळा पाहा कसा चकाचक, त्या येडीच्या हातचा लोक कसे खात होते काय मालूम.' आणि जुडी नाकाला लावून त्याने पिशवीत टाकली. इतका राग मला व्हिडिओचाही आला नव्हता.

घरी वहिनी पुन्हा हौदावर जायला लागली. आता कुणी अडवणारं नव्हतं, कारण चकाचक मुळा विकला जात होता. गोळ्या तिने बंद केल्या. वाशीमला चला म्हटलं की म्हणायची, 'एसटीत सगळे पाहतात बाई.' हातांवरची नवी कातडी पुन्हा सोलली. तिला मी फार काही सांगू शकले नाही. एवढं मात्र मला स्वच्छ दिसत होतं, की ती त्या जागेवर पुन्हा बसली नाही तर हौद तिला सोडणार नाही. तिथेच ती 'उतरलं' म्हणाली होती. चारचौघांत तेवढीच एक जागा होती जिथे तिने आजाराला खाली बसवलं होतं, आणि ती गावाने काढून घेतली होती.

मग मानसिक आरोग्याचं काही तरी निघालं. आपल्याकडे सगळ्याचाच एक दिवस निघतो. मी वाडीवर असताना चॅनेलवाल्याचा मला फोन आला. आवाजात मध. 'मॅडम, पॉझिटिव्ह स्टोरी करायची आहे. मनोरुग्णतेवर मात, अशी. वहिनीची संघर्षगाथा. लोक रडले पाह्यजेत.' मी विचारलं, मात झाली नसेल तर? तो म्हणाला, 'थे आपन एडिटिंगमधी पाहू.' मी फोन ठेवला. वहिनी चुलीपाशी बसली होती, तिने सगळं ऐकलं.

त्याच आठवड्यात चाची वाडीवर आली. पहिल्यांदाच. हौदाच्या काठावर बसली, वहिनीचे हात पाहिले. मग सांगितलं, की दर बाजाराला ती वहिनीच्या जागेवर आपलं एक बारदान, म्हणजे रिकामं पोतं, अंथरून ठेवते. कुणी विचारलं तर माणूस पाणी प्यायला गेलं म्हणून सांगते.

'पन बेटी, आता लोक हसतेत,' चाची म्हणाली. 'म्हनतेत, कितना पानी पीती तेरी सहेली. जगा अजून किती धरून ठेवू मी? येत असशीन तं ये, नाई तं बारदान उचलतो.'

वहिनी हसली. फार दिवसांनी. मग तिने काथ्या खाली ठेवला. उचलला. पुन्हा ठेवला.

बाजाराच्या दिवशी ती दादाच्या आधी तयार होती. टोपलीत धुतलेल्या जुड्या होत्या, आणि वर एक मातीची. दादा त्या जुडीकडे पाहून काही बोलायला गेला, आणि मग त्याने नुसती टोपली उचलून गाडीला बांधली. त्याबद्दल मी त्याचं बरंच काही माफ केलं. बाजारात चाचीने बारदान ओढून घेतलं, झटकलं, आणि ती मिरच्यांवर पाणी मारायला लागली. मी मागे पोत्यावर. वहिनीने जुडी समोर ठेवली आणि हात या वेळी मांडीखाली दाबले नाहीत, मांडीवर उघडे ठेवले. पेरं लाल होती, बोटं हलत होती. पण ती बसली होती.

गिऱ्हाईक थांबत नव्हतं. थांबला तो चॅनेलवाला. त्याला कुणीतरी कळवलं असणार. निळा ठोकळा पुढे करून तो उकिडवा बसला, आवाज खाली आणला, दुःखाच्या प्रसंगी आणतात तसा.

'वहिनी, घाबरू नका. आज चांगलं दाखवून राह्यलो आपन. फक्त एकदा हात धुताना दाखवा. नेहमी धुता तसे. मंग आपन पुढचं बोलू.' आणि त्याने चाचीचा तांब्या स्वतःच उचलून वहिनीपुढे ठेवला.

एवढी किळस मला माणसाची कधी वाटली नव्हती. मी उठणार होते, पण धीराचा शब्द बोलायचा नाही हे डॉक्टरांचं बजावणं मला आठवलं, आणि मी बसून राहिले. वहिनीने तांब्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. श्वास वर गेला, खांदे वर गेले. मग तिने तांब्या उचलून चाचीच्या बाजूला ठेवला, मातीची जुडी उचलली आणि त्याच्या मोकळ्या हातात दिली.

'घ्या भाऊ,' ती म्हणाली. 'धुतली नाई. घरी धुवून घेजा.'

ओली काळी माती त्याच्या बोटांतून मनगटावर उतरली, बाहीला लागली. त्याने जुडी पटकन खाली ठेवली, माईक काखेत धरला आणि रुमाल काढला. तळवा पुसला. बोटं एकेक करून पुसली. नखं पाहिली. पुन्हा पुसली. वहिनी त्याच्या हातांकडे पाहत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. हौदाच्या काठावर बसलेल्या माणसाला पाहावं तशी ती त्याला पाहत होती.

'लय नका पुसू, भाऊ,' ती म्हणाली. 'सवय लागते.'